विक्राळरावांची खुर्ची

लोणावळ्यात तेव्हा दोन गोष्टी कुठंही साचायच्या. एक इंजिनांची काजळी आणि दुसरे आमच्या नाट्यमंडळाचे किस्से. काजळी निदान ओल्या फडक्यानं पुसता यायची. किस्से कोण पुसणार? मंडळातले चार जण लग्नात भेटोत की दहाव्याला, कुणीतरी म्हणायचंच, "अरे, तो विक्राळराव आठवतो का?" आणि मग दहाव्याला हसू कसं दाबायचं हा प्रश्न पडायचा.

ही सगळी घाटात विजेची गाडी यायच्या आधीची गोष्ट. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला जादा इंजिन लागायचं आणि त्या इंजिनांचा धूर दिवसभर गावावर असायचा. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं. मी स्टेशनात पार्सल क्लार्क होतो आणि मंडळात सामानाचा प्रमुख. म्हणजे तलवारी, मिशा, पडदे, खुर्च्या मागून आणायच्या आणि धडपणे परत करायच्या. मूळचाच घाबरट माणूस मी. उसनी आणलेली वस्तू रंगमंचावर गेली की ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. आमच्या बापू बुकिंग क्लार्कनं माझी व्याख्याच केली होती. "नाटकात रडतात नट, आणि आमच्याकडं रडतो सामानवाला!"

* * *

आमची नाटकं लिहायचे गद्रे मास्तर. शाळेत इतिहास शिकवायचे आणि त्यांच्या प्रत्येक नाटकात एक दुष्ट सरदार असायचा. नाव बदलायचं, सरदार तोच. तो मिशा पिळायचा, चाबूक उडवायचा, गरिबाच्या मुलीला पळवायचा आणि तीन टप्प्यांत हसायचा. आधी नाकातून, मग छातीतून, मग पोटातून. शेवटच्या अंकात तो कड्यावरून पडायचा. कडा म्हणजे मालधक्क्यावरची रिकामी खोकी आणि त्यांवर काळं कापड. ती खोकी माझ्या जबाबदारीची असल्यामुळं सरदार पडताना माझ्याइतकं वाईट कुणालाच वाटत नसे.

एकदा मी मास्तरांना विचारलं की तुम्ही इतिहास शिकवता, मग खरे सरदार असेच होते का? मास्तर हसले. पुण्याला शिकत असताना त्यांनी जुनी दफ्तरं पुष्कळ चाळली होती. म्हणाले, "अहो, खरे सरदार काय लिहितात ठाऊक आहे? घोड्यांना गवत मिळेना. थंडीनं गुडघे धरलेत. जावई रुसलाय. आता तिसऱ्या अंकात सरदाराचा जावई रुसला, तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील!"

मग त्या बिचाऱ्यांना चाबूक कशाला द्यायचा, असं मी म्हणालो. मास्तरांचं उत्तर तयार होतं. वाईट माणूस प्रेक्षकांना पहिल्या नजरेत कळला पाहिजे. पडदा उघडल्यावर यातला वाईट कोण, असं शोधत बसायला लावलं तर माणसं झोपतात.

मला ते पटलं होतं. तेव्हा.

* * *

त्या वर्षीच्या सरदाराचं नाव विक्राळराव. पण त्याचं काम करायला कुणी तयार होईना. मागच्या वर्षी ज्यांनी सरदार केला त्यांच्याकडं बाजारात बायका अजून रागानं वळून बघत होत्या आणि त्यांच्या धाकट्या मुलीनं आठ दिवस त्यांच्या हातून घास घेतला नव्हता.

शेवटी आम्ही शिवराम सांधेवाल्याला पकडला. शिवराम यार्डात रुळांचे सांधे बदलून गाड्या या रुळावरून त्या रुळावर घालायचा. आंदर मावळातल्या एका खेड्यातला गडी. अंगानं दांडगा, मिशा स्वतःच्या, आणि आवाज असा की या टोकाला बोलला तर त्या टोकाचा फायरमन ओ द्यायचा. एरवी गरीब. मला भाऊ म्हणायचा आणि पार्सलच्या खिडकीबाहेर उभा राहूनच बोलायचा.

हसणं मात्र त्याला जमेना. मास्तरांनी घरी सराव कर म्हणून सांगितलं. घरी शेजारी तक्रार करतील म्हणून तो यार्डात सराव करायला लागला. नाकातून झालं, छातीतून झालं, आणि पोटातून हसला तेव्हा निघायच्या बेतात असलेल्या मालगाडीच्या गार्डनं हिरवं निशाण खाली घेऊन लाल दाखवलं. गाडी थांबली. स्टेशनमास्तरांनी शिवरामला बोलावून खुलासा मागितला.

शिवराम हात जोडून म्हणाला, "सायेब, हसत व्हतो."

स्टेशनमास्तरांची नोकरी सरत आली होती, पण असा खुलासा त्यांनी कधी ऐकला नव्हता म्हणे.

* * *

विक्राळरावाला खरे सरदारी कपडे हवेत असा मास्तरांनी हट्ट धरला. पुण्याहून भाड्यानं येणारा अंगरखा इतका विरला होता की सरदारानं छाती फुगवली की तो उसवायचा. तेव्हा मला रावसाहेबांकडं जाणं आलं.

रावसाहेब म्हणजे आमच्याकडचे इनामदार. त्यांचे पणजोबा खरोखरीचे सरदार. आंदर मावळात त्यांची अजून बरीच जमीन होती आणि ते स्वतः लोणावळ्यात बंगल्यात राहायचे. मी त्यांना कधी जवळून पाहिलं नव्हतं. मास्तरांची इतकी नाटकं पाठ झाल्यावर सरदाराच्या फाटकातून आत जाताना मी फाटक मागं उघडंच ठेवलं. कुत्री सोडतील का, इथपासून माझी तयारी होती.

आत गेलो तर व्हरांड्यात मफलर गुंडाळलेला एक किरकोळ गृहस्थ गुलाबाच्या कुंडीतली माती बोटांनी सारखी करत बसला होता. मी त्याला कारकून समजलो आणि रावसाहेब कुठं आहेत म्हणून विचारलं. तो उठून उभा राहिला. मीच, म्हणाला, आणि माझा घोटाळा झाला म्हणून वर माझीच माफी मागितली!

इंजिनांच्या धुरानं त्यांना खोकला जडला होता. बोलता बोलता थांबायचे, खोकायचे आणि "माफ करा हं" म्हणून पुढं बोलायचे. पणजोबांचा अंगरखा त्यांनी लगेच काढून दिला. तो शिवरामच्या दंडावरसुद्धा चढला नाही, ती गोष्ट वेगळी. खरे सरदार इतके लहानखुरे असतील हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. सिंहासनासाठी त्यांनी व्हरांड्यातली खुर्चीही दिली. ते स्वतः बसायचे ती, हातांवर सिंहाची तोंडं कोरलेली. चाबूक मागायला जीभ रेटेना, पण मागितला.

"चाबूक टांगेवाल्याकडं असतो," रावसाहेब म्हणाले. "मला तो हात लावू देत नाही. घोडा बुजतो म्हणे."

मग नाटकाची चौकशी केली. सरदार शेवटी मरतो हे ऐकून फार हाल होतात का, असं त्यांनी विचारलं. कड्यावरून पडतो, लगेच संपतं, असं मी सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. निघताना म्हणाले की प्रयोगाला मी नक्की येणार.

मी खुर्ची डोक्यावर घेऊन परत आलो. इतका भला माणूस मी लोणावळ्यात दुसरा पाहिला नव्हता, हे तेव्हाही सगळ्यांना सांगितलं आणि आजही खोटं बोललो असं वाटत नाही.

* * *

रावसाहेब येणार म्हटल्यावर शिवरामचा चेहराच उतरला. त्याचे वडील, धोंडीआबा, रावसाहेबांचं कूळ. गावच्या ओढ्याकाठचं भाताचं खाचर त्यांच्या घरात आजोबांपासून कसायला होतं. पण होतं ते रावसाहेबांच्या मर्जीवर. उद्या त्यांनी दुसऱ्याला दे म्हटलं की संपलं. शिवरामचा पगार लोणावळ्यात खोलीभाड्यात आणि खानावळीत जायचा. गावाकडं आई, आबा आणि दोन धाकट्या बहिणी यांचं पोट त्या खाचरावर.

शिवाय तिकडची एक रीत होती. कुळानं रावसाहेबांच्या समोर बसायचं नाही. खुर्चीवर नाही, पायरीवर नाही, जमिनीवरसुद्धा नाही. बसू नका असं कुणी कधी म्हटलं नव्हतं आणि बसा असंही म्हटलं नव्हतं. धोंडीआबा जन्मात त्यांच्यापुढं बसलेले नव्हते.

"त्येंचीच खुर्ची, त्येंच्याच म्होरं, आन् वर त्येंच्याच पणज्यासारखं सोंग," शिवराम म्हणाला. "आबाचं खाचर जाईल, मास्तर. मी न्हाई करत."

मग आम्ही विक्राळरावाची जात बदलायचं ठरवलं. सरदाराऐवजी सावकार करू, असं बापू म्हणाला, तर मंडळाचे अध्यक्षच सावकारी करायचे. पाटील करावा, तर रंगमंचाचे सगळे बांबू पाटलांनी दिलेले. फौजदार करावा, तर प्रयोगाची परवानगी फौजदाराच्या खिशात. गोरा साहेब करू, असं कुणीतरी म्हणायला लागला आणि सगळ्यांनी आधी दाराकडं पाहिलं. शेवटी असं दिसलं की दुष्ट माणूस म्हणून दाखवायला आमच्या गावात एकही जागा रिकामी नव्हती!

तोडगा मास्तरांनीच काढला. सरदार सरदारच ठेवायचा, पण घाटाखालचा करायचा. त्यावर कर्जतकडचे दोन फायरमन रुसले. त्यांना पहिल्या अंकात भालदार केलं तेव्हा मिटलं. आणि पडदा उघडायच्या आधी मी पुढं येऊन, ही कथा फार जुनी आणि फार लांबची आहे, असं सांगायचं ठरलं. शिवराम कसाबसा तयार झाला. मला मात्र जेवण जाईना.

* * *

तालीम बघायला एकदा धोंडीआबा आले. घरचे पोहे घेऊन गावाहून चालत आले होते. भिंतीशी बसले आणि आपला पोरगा गरीब बाप झालेल्या मास्तरांच्या अंगावर चाबूक उडवतोय हे त्यांनी शेवटपर्यंत मन लावून पाहिलं. कसं वाटलं, असं मास्तरांनी विचारलं तर म्हणाले, लय मोठ्यानं बोलतोय.

मग आपणहून एक गोष्ट सांगितली. ते लहान असताना रावसाहेबांचे आजोबा गावात आले होते. फार शांत माणूस. आबांच्या वडिलांचा बैल त्यांनी पाहिला, पाठीवरून हात फिरवला आणि बैल चांगला आहे, एवढं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तो बैल धुतला, शिंगं रंगवली आणि नेऊन त्यांच्या दारात बांधला.

"मागितला होता का त्यांनी?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई बा," आबा म्हणाले. "चांगला हाय म्हनाले."

गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली होती. आपल्या घरचा बैल सरदारांच्या नजरेत भरला, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मास्तरांनी थोडा विचार केला. यात नाट्य नाही, म्हणाले, आणि पुढचा प्रवेश घेतला.

* * *

प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुंगीला जागा नव्हती. पहिल्या रांगेत मफलरसकट रावसाहेब. अगदी मागं तरटावर आंदर मावळातून चालत आलेली त्यांची कुळं, आपला शिवराम बघायला; रावसाहेबांची पाठ त्यांच्याकडं, म्हणून बसलेली. मी पुढं येऊन, कथा जुनी आणि लांबची असल्याचं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर लोकांना उगीच संशय आला असावा.

पहिला अंक बरा गेला. विक्राळरावानं चाबूक उडवला, तीन टप्प्यांत हसला. पुढचे लोक दचकले. मागं तरटावरची मंडळी मात्र शेंगा फोडत खदाखदा हसत होती. त्यांना ती एक गंमत वाटत होती.

दुसऱ्या अंकात दरबार. पडदा उघडतो तेव्हा विक्राळराव सिंहासनावर रेललेला पाहिजे. पडदा उघडला. सिंहासन रिकामं आणि विक्राळराव शेजारी उभा! मास्तर स्वतः मुलीच्या गरीब बापाचं काम करत होते. त्यांनी पाया पडता पडता पदरचं वाक्य घातलं की सरकारांनी आसनस्थ व्हावं. सरकार हलेनात. विंगेतून बापू आवाज चढवून "बस, बस" म्हणायला लागला. तो नायिका होता, त्यामुळं नायिकाच सरदाराला बसवते आहे असं लोकांना ऐकू गेलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत रावसाहेब खोकले. विक्राळरावानं चाबूक काखेत मारला आणि दोन्ही हात जोडले. गरिबाला लाथ मारायच्या जागी गरिबाला नमस्कार झाला. रावसाहेब पुन्हा खोकले, पुन्हा नमस्कार. मी विंगेत मिशांच्या गोंदाची बाटली धरून उभा होतो. खाचर गेलं, एवढंच मनात येत होतं.

पडदा पडल्यावर रावसाहेब आत आले. शिवराम भिंतीला टेकला. पण ते खूश होते. काय तो दरारा, काय तो आवाज, असं म्हणून त्यांनी कौतुक केलं आणि मग विचारलं, "फक्त एक कळलं नाही. विक्राळराव बसत का नाहीत?"

आम्ही सगळे पगड्या, मिशा उतरवायच्या मागं लागलो. गद्रे मास्तर मात्र इतिहासाचे शिक्षक, अडचणीच्या प्रश्नांची त्यांना सवय. म्हणाले, "दुष्ट माणसाला चैन कुठली, रावसाहेब!"

रावसाहेबांना ते फार पटलं. जाताना त्यांनी शिवरामला रविवारी बंगल्यावर चहाला बोलावलं.

* * *

चहाला! त्या रविवारपर्यंत शिवरामनं दोन वेळा चुकीचा सांधा टाकता टाकता सावरला. एकटा जायला तो तयार नव्हता. खुर्ची परत करायची होतीच, म्हणून मीही बरोबर गेलो.

रावसाहेबांनी खुर्ची नोकराला ठेवू दिली नाही. स्वतः दोन्ही हातांनी पुढं ओढली आणि शिवरामला म्हणाले, "बसा ना. उभे का?"

शिवरामनं माझ्याकडं पाहिलं. मी खूण केली. सिंहाच्या तोंडांना हात न लावता तो अगदी कडेवर टेकला. चहा आला, कपबशीतून. रावसाहेबांनी आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली, कोणतं तेल चोळता म्हणून विचारलं. शिवरामला दोनदा विक्राळराव म्हणून हाक मारली आणि स्वतःच हसले. मला इतकं हायसं वाटलं की मी दुसरं बिस्किट उचललं.

मग रावसाहेब म्हणाले, "तुमचं ते ओढ्याकाठचं खाचर फार चांगलं आहे हो."

शिवरामनं कपबशी खाली ठेवली.

धुरापासून लांब राहा असं डॉक्टर सारखं सांगत होते. तिकडं हवा स्वच्छ, पाणी जवळ. एक लहानसं घर बांधावं, भोवती गुलाब लावावेत, असं बरेच दिवस रावसाहेबांच्या मनात होतं. हे सगळं ते अगदी हळू आवाजात, खोकला सावरत सांगत होते. मधेच त्यांनी शिवरामला आणखी चहा हवा का म्हणून विचारलं. "आणि घाई नाही हं," शेवटी म्हणाले. "पीक काढून घ्या सावकाश."

"व्हय, सरकार," शिवराम म्हणाला.

परत येताना तो माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिला. यार्डाशी आल्यावर थांबला. "ते वरडले असते ना भाऊ, तर मीबी वरडलो असतो. मला आवाज हाय," तो म्हणाला. "पन बसा म्हनाले."

माझ्या तोंडात ते दुसरं बिस्किट अजून कडू लागत होतं. मनातून मी रावसाहेबांचा राग आणायचा प्रयत्न करत होतो आणि डोळ्यांपुढं सारखा तो मफलर येत होता.

* * *

धोंडीआबांनी भात काढलं. दरवर्षीप्रमाणे पहिला वाटा बंगल्यावर पोचवला आणि सरकारांना तिथं बरं वाटू दे, असं म्हणून परत आले. त्यांचं राहतं घरही रावसाहेबांच्याच जागेत होतं, ते तेवढं राहिलं. पुढं घाटात विजेची गाडी आली, धूर गेला, आणि रावसाहेब पुन्हा लोणावळ्यात राहायला आले. आंदर मावळातल्या पावसात गुलाब काही टिकले नव्हते. खाचरातल्या त्या घराला कुलूप लागलं. आबा त्याची राखण करायचे. पण हे फार पुढचं.

* * *

त्याच्या आधी, खाचर गेल्यानंतरच्या वर्षी, लोकांनी पुन्हा विक्राळरावच करा म्हणून गळ घातली. मला वाटलं शिवराम नाही म्हणेल. तो आपणहून आला. तालमीत सगळं लिहिल्याप्रमाणे केलं. चाबूक, मिशा, तीन टप्पे, सगळं. फक्त सिंहासनासाठी त्याच खुर्चीचा हट्ट धरला. तिकडचं घर अजून बांधून व्हायचं होतं; मी बंगल्यावर मागायला गेलो तर रावसाहेबांनी आनंदानं दिली आणि आपलीही जागा धरायला सांगितलं. शिवराम काय करील याचा नेम वाटत नव्हता आणि आबांचं घर अजून त्यांच्याच जमिनीवर होतं.

प्रयोगाला तेच पटांगण. पहिल्या रांगेत रावसाहेब, मागं तरटावर बसून शेंगा फोडणारी कुळं. आबाही त्यांच्यात होते. मला विंगेत थांबवेना, म्हणून मी खाली उतरून रावसाहेबांच्या मागं येऊन उभा राहिलो.

पहिला अंक झाला. दरबाराचा पडदा उघडला. विक्राळराव उभाच. मास्तर गरीब बाप होऊन आत आले आणि पायांशी पडले. आता चाबूक उडायचा. मागं तरटावर आधीच हसू फुटायला लागलं होतं.

शिवरामनं चाबूक खुंटीला अडकवला. दोन्ही हातांनी ती खुर्ची ओढून पुढं आणली, मास्तरांना खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाला, "बसा ना. उभे का?"

यार्डात या टोकाहून त्या टोकाला जाणारा आवाज त्यानं इतका खाली आणला होता की सगळं पटांगण ऐकायला पुढं झुकलं. बोली त्याची नव्हती. शब्द स्वच्छ, सावकाश, बंगल्यातले. मास्तरांच्या नाटकात हे नव्हतं. मास्तर गोंधळून खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले.

"गुडघे कसे आहेत?" विक्राळरावानं विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "मुलगी फार चांगली आहे हो तुमची."

मास्तरांना पुढचं वाक्य आठवेना. विंगेत नायिकेचा वेष केलेला बापू तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"घाई नाही हं," विक्राळराव म्हणाला.

आता रावसाहेब उठणार, आबांना घराबाहेर काढणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात रावसाहेबांनीच मान वळवून मला जवळ बोलावलं. बोलता बोलता त्यांना खोकला आला. माफ करा हं, म्हणाले, आणि मग हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "यंदा तुमचा सरदार काही जमला नाही हो. खरा वाटत नाही. गेल्या वर्षी काय दरारा होता!"

मी होय म्हटलं आणि मागं पाहिलं. शेंगांचा आवाज थांबला होता. तरटावर टरफलं पडली होती आणि आंदर मावळातून आलेली सगळी माणसं, धोंडीआबासुद्धा, उठून उभी होती.